गाडी जाते, पण थांबते का?

या आठवड्याचं पत्र अमरावती जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. वय ३८, गाव धामणगाव रेल्वेपासून सात-आठ किलोमीटर आत. मालक पुण्याकडे कंपनीत असतात, पोळ्याला आणि दिवाळीला येतात. घरी सासूबाई, दोन मुलं आणि मक्त्यानं दिलेलं चार एकर वावर. ताईंनी नाव-गाव छापू नका म्हटलं आहे, म्हणून पत्राचा मजकूर माझ्या शब्दांत देते.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामला झालं. सुट्टी मिळाल्यावर दोघी संध्याकाळी वर्धा स्टेशनवर आल्या. एक गाडी उभी होती. ताईंनी दारातल्या माणसाला विचारलं, ‘ही गाडी धामणगावला जाते का?’ तो म्हणाला, ‘हो, जाते.’ दोघी चढल्या. पुलगाव गेलं, धामणगाव गेलं, चांदूर गेलं, आणि गाडी थांबली ती एकदम बडनेऱ्याला. रात्र झालेली, सासूबाईंच्या डोळ्यावर काळा चष्मा. तिथं फल्ली विकणाऱ्या एका बाईनं त्यांना परतीची गाडी सांगितली.

दुसरी गोष्ट तुरीची. कोठीतल्या तुरीला भुंगे लागले म्हणून ताईंनी बाजाराच्या गावी एका दुकानात विचारलं. दुकानदारानं ‘किती पोते?’ एवढं विचारून गोळ्यांची पुडी दिली. ज्या खोलीत कोठी, त्याच खोलीत मुलं झोपतात. योगायोगानं बोकड पाहायला आलेल्या एका अनोळखी माणसानं पुडी पाहिली आणि ‘हे घरात नाही टाकत बाई’ म्हणून थांबवलं.

दोन्ही गोष्टी कळल्यावर मालक फोनवर रागावले. ‘परक्यांना विचारत फिरतं, म्हणून असं होते. मले विचारत जा.’ पण ड्यूटीवर त्यांचा फोन कपाटात जमा असतो. ताईंचा प्रश्न असा: ‘विचारलं तर लोक अडाणी समजतात, वर फसगत होते. नाही विचारलं तर काम अडते. परक्याला विचारणं बंदच करू का? का मला विचारताच येत नाही? ती पुडी मी न फोडता देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.’

ताई,

आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलू. ती पुडी आजच घराबाहेर काढा.

तुम्ही गोळ्यांचं नाव लिहिलं नाही, पण वर्णनावरून त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या दिसतात. गोदामातल्या धान्यात टाकतात त्या. या गोळीला ओल लागली, अगदी हवेतला दमटपणा लागला, तरी तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. म्हणूनच या गोळ्या साध्या गिऱ्हाइकाला विकायच्याच नाहीत, सरकारी यंत्रणेनं आणि परवाना असलेल्या कीड-नियंत्रणवाल्यांनीच वापरायच्या, असा नियम आहे. पुडी फोडू नका. चुलीत टाकू नका, नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका, पाण्यात बुडवू तर अजिबातच नका. घरापासून लांब, कोरड्या जागी, मुलांचा आणि ढोरांचा हात-तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा. मग गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) फोन करून तिचं काय करायचं ते त्यांच्याकडूनच ऐका. कधी घरात लसणासारखा किंवा सडक्या मासोळीसारखा वास आला, कुणाला मळमळ, उलटी, दम लागणं असं काही झालं, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं आणि १०८ ला फोन करायचा. त्या वेळी कोणाला विचारत बसायचं नाही.

हे झालं की पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही हिशेब मांडला आहे तो दोन परक्यांचा: एक गाडीच्या दारातला, एक दुकानातला. दोघांनी बुडवलं, म्हणून परके वाईट. पण तुमच्याच पत्रात परके चार आहेत. फल्ली विकणारी बाई आणि बोकड पाहायला आलेला माणूस यांना तुम्ही एकेका ओळीत उरकून टाकलं. त्यांनाही धरा. त्या रात्री बडनेऱ्याला तुम्हाला घरी आणणारी परकीच होती, आणि तुमच्या लेकरांच्या उशाशी ती गोळी जाऊ दिली नाही तोही परकाच. तेव्हा तुमच्या मालकांचा निष्कर्ष तुमच्याच अनुभवाशी जुळत नाही.

मग चौघांत फरक काय होता? तुम्ही लिहिलं आहे की फल्लीवाली आधी म्हणाली, ‘कुठी जाच हाय माय? संग कोन आहे?’ बोकडवाल्यानं विचारलं, ‘हे कुठं टाकनार? इथं कोन झोपते?’ दोघांनी उत्तर द्यायच्या आधी तुमची परिस्थिती विचारली. दारातल्या माणसानं काही विचारलं नाही. दुकानदारानं पोत्यांचा आकडा तेवढा विचारला, म्हणजे विकायला लागते तेवढी माहिती घेतली. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण हीच आहे. जो सांगण्याआधी उलट विचारतो, त्याचं ऐकावं. जो प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, त्याचं उत्तर आणखी एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. तो खोटा असतो असं नाही. त्याला तुमची अडचणच माहीत नसते.

आणि इथं मला तुमच्याही बाजूचं थोडं बोलायचं आहे, ताई. रागावू नका. तो दारातला माणूस खोटं बोलला नाही. गाडी धामणगावला जात होतीच. धामणगावावरूनच गेली, थांबली नाही एवढंच. तुम्ही विचारलं ‘जाते का’, तो म्हणाला ‘जाते’. तुम्हाला हवं होतं ते ‘थांबते का’. तुमच्या मनात होतं, ‘आम्हाला धामणगावला उतरायचं आहे, सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं आहे, ही गाडी तिथं थांबते का?’ तोंडून निघाले पाच शब्द. असं का झालं असेल? मला वाटतं, तुम्हीच लिहिलेल्या त्या भीतीमुळं: लोक अडाणी समजतील. माणूस लाजला की त्याचा प्रश्न आखूड होतो. पटकन विचारून मोकळं व्हावं, दुसऱ्यांदा विचारायची पाळी येऊ नये, आपल्याला माहीत नाही हे चारचौघांना कळू नये, असं वाटतं. मग जी माहिती समोरच्याला दिली असती तर त्यानं बरोबर सांगितलं असतं, तीच आपण गिळून टाकतो. दुकानातही तेच झालं असणार. मागं गिऱ्हाइकं उभी, आपण बाईमाणूस, ‘तुरीला भुंगे लागले, काही द्या’ म्हटलं आणि पैसे काढले. ‘कोठी झोपायच्या खोलीत आहे’ हे वाक्य तोंडात आलंच नाही.

म्हणून तुमच्या ‘मला विचारताच येत नाही का?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की विचारायचं धाडस तुमच्यात आहे, रात्रीच्या वेळी आजारी माणसाला घेऊन तुम्ही ते केलं आहे. प्रश्न तेवढा पूर्ण करायचा राहिला.

यावरून मला एक जुनी गोष्ट आठवते. मी चोवीस वर्षांची असेन. नेरच्या पुढं एका फाट्यावर एसटीनं सोडलं. नात्यातल्या एका घरी मयतीच्या भेटीला जायचं होतं आणि गाव मी आधी पाहिलेलं नव्हतं. फाट्यावर पानठेला बंद, कडुलिंबाखाली एक म्हातारेबुवा बसलेले. मी विचारलं, ‘बाबाजी, अमुक गावाचा रस्ता कोणता?’ त्यांनी रस्ता सांगितलाच नाही. आधी विचारलं, ‘कोनाच्या घरी जातं बाई? पायीच जातं काय?’ मग वर आभाळाकडे पाहिलं. आषाढ होता. काठीच्या टोकानं त्यांनी ओल्या मातीत रेघ ओढली. ‘हा पांदन रस्ता. हे पहिला नाला, इथं पूल आहे. हे दुसरा नाला, इथं पूल नाही. पानी आलं त इथं उतरू नको, मागं फिर आन डांबरीनं जा.’ मला वाटलं झालं. मी निघाले, तर म्हणाले, ‘थांब. आता तू सांग मले.’ मी सांगितलं, आणि दुसऱ्या नाल्याचं विसरले. त्यांनी पायानं ती रेघ पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून काढली. त्या संध्याकाळी दुसऱ्या नाल्याला गुडघ्याच्या वर गढूळ पाणी होतं. मी मागं फिरले आणि डांबरीनं गेले.

त्या बाबाजींनी केलं ते तुम्ही स्वतः करू शकता. समोरच्यानं सांगितलं की त्याच्यापुढंच म्हणून दाखवायचं: ‘म्हणजे भाऊ, मी या गाडीत बसले की पुलगावनंतर धामणगावला उतरायचं, बरोबर?’ तुम्ही असं म्हणाला असता तर निदान निम्मी शक्यता होती की तो म्हणाला असता, ‘नाही ताई, ही तिथं थांबत नाही.’ माणसाला स्वतःचं सांगितलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यातली चूक दिसते.

दुसरी गोष्ट, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होता येईल असं विचारू नका. आपल्याकडची माणसं भिडस्त. समोरच्या बाईला ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांना जिवावर येतं, त्यापेक्षा ‘हो’ सोपं जातं. ‘ही गाडी आर्वीला जाते का?’ याला ‘हो’ मिळेल. ‘ही गाडी कुठं जाते? कुठं कुठं थांबते?’ याला माहीत असलेलाच माणूस उत्तर देऊ शकतो, आणि माहीत नसलेला ‘त्या तिकडं विचारा’ म्हणतो. तेही चांगलंच. एसटीच्या बाबतीत ‘कोणत्या मार्गे?’ हे कधी विसरू नका. अमरावतीहून यवतमाळला नेरवरूनही जाता येतं आणि धामणगाव-बाभूळगाववरूनही. पाटीवर यवतमाळ वाचून बसलात आणि उतरायचं बाभूळगावला असेल, तर तुम्ही नेरला पोचाल. अंतर विचारतानाही जपा. ‘हे काय इथंच, चार पावलं’ म्हणणाऱ्याचे पाय वेगळे आणि सासूबाईंचे वेगळे. ‘म्हाताऱ्या माणसाला चालत किती वेळ लागेल, का ऑटो करू?’ असं विचारलं की तो तुमच्याकडे एकदा पाहून मगच सांगतो.

नावांचे घोटाळेही आपल्या भागात बरेच आहेत, आणि त्यात शिकलेली माणसंसुद्धा अडकतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन जवळजवळची पण वेगळी जंक्शनं आहेत. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नावच वर्धा पूर्व होतं. नागपूरहून हिंगणघाट-बल्लारशाकडे जाणारी गाडी सेवाग्रामवरून वळते, वर्ध्याला येतच नाही. तुम्हाला मुंबई लाइनवर धामणगावकडे यायचं, म्हणून तुमचं वर्ध्याला येणं बरोबर होतं. अमरावती आणि बडनेऱ्याचं तुम्ही अनुभवलंच: मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते, अमरावती आत फाट्यावर आहे. नागपुरात ऑटोवाल्याला ‘मेडिकल’ म्हटलं तर तो अजनीच्या बाजूच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतो. ‘मेयो’ म्हटलं तर रेल्वे स्टेशनजवळच्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात. आणि आपल्या गावात मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. चिठ्ठीवर दवाखान्याचं पूर्ण नाव असतं, तो कागदच पुढं करावा. बोलण्यापेक्षा कागद दाखवायला कमी संकोच वाटतो, हाही त्याचा फायदा.

आता विचारायचं कोणाला? स्टेशनवर तुम्हाला बहुतेक जो पहिला दिसला त्यालाच विचारलं गेलं. गाडीच्या दारात उभा माणूस नागपूरहून मुंबईला जाणारा असेल, तर धामणगाव त्याच्यासाठी खिडकीतून जाणारं एक नाव. त्यापेक्षा रोज अप-डाउन करणारे, डब्यात चने-फुटाणे विकणारे, हमाल, फलाटावरचे चहावाले यांना कोणती गाडी कुठं थांबते हे पाठ असतं, कारण त्यांचं पोट त्या थांब्यांवर आहे. एसटी स्टँडवर कंट्रोलरची खिडकी आहे. गावात पानठेला, चक्की, किराणा, शाळेसमोरचं घर. बसल्या जागेचा माणूस उद्याही तिथंच असतो, म्हणून तो जरा सांभाळून बोलतो. आणि फोनवरून १३९ ला रेल्वेची चौकशी होते. गाडीचा नंबर सांगितला की थांबे विचारता येतात.

तुमचे मालक ‘मले विचारत जा’ म्हणाले ना, त्याचा इथं उपयोग करून घ्या. त्यांचा राग मला कळतो. आई डोळ्याचं ऑपरेशन करून अनोळखी स्टेशनवर रात्री बसली आहे आणि आपण सहाशे किलोमीटरवर मशिनीपुढं उभे आहोत, या असहायपणातून माणूस बायकोवर ओरडतो. ते बरोबर नाही, पण त्यामागं काळजी आहे. त्यांना शांतपणे सांगा: ‘पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री तुम्ही जाण्याच्या आणि येण्याच्या दोन-दोन गाड्यांचे नंबर, वेळ आणि त्या धामणगावला थांबतात का एवढं काढून मला सांगा. मी वहीत लिहून घेते. वाटेत मात्र मला जे लागेल ते मी लोकांना विचारीन.’ वाटेवरचा प्रश्न वाटेवरच सुटतो, तो पुण्याहून सुटत नाही. हे त्यांनाही माहीत आहे. ते स्वतः पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा खोली कुणाला विचारून शोधली, हेही एखाद्या निवांत दिवशी त्यांना विचारा. रागानं नको, सहज विचारा.

परक्यांपासून जपायचं कुठं, हेही बोललं पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आपल्या खेड्यांतल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच एकट्या-दुकट्या तालुक्याला, जिल्ह्याला जाऊ लागल्या. मला येणाऱ्या पत्रांत ते दिसतं. त्या सगळ्यांसाठी लिहिते. आपण निवडून ज्याला विचारलं तो परका वेगळा, आणि आपल्याला निवडून जो जवळ आला तो वेगळा. तुम्ही म्हणाल, फल्लीवाली तर स्वतःहून बोलली. खरं आहे. पण ती तिच्या टोपल्याशी बसली होती, तिनं तुम्हाला उजेडातच बसायला सांगितलं, बाहेर जाऊ नका म्हणाली, आणि काही मागितलं नाही. स्वतःहून आलेला माणूस जेव्हा तुम्हाला उजेडातून, गर्दीतून दुसरीकडे चला म्हणतो, घाई करतो, तुमचा फोन किंवा पैसे हातात मागतो, तेव्हा तोंडभर ‘नाही’ म्हणायचं आणि जिथं बायका-लेकरं बसली आहेत तिथं जाऊन बसायचं. ‘आम्ही दोघीच आहोत’ हे सांगायची गरज नसते, ‘घरचे घ्यायला येतात’ म्हणायचं. वेळच आली तर ११२, बायकांसाठी १८१, आणि गाडीत असाल तर तोच १३९.

फोनमध्ये भेटणारे परके तर आणखी अवघड, कारण त्यांचा चेहराही दिसत नाही. गॅसचा, बँकेचा, विजेचा नंबर नेटवर शोधून वर दिसेल तो लावू नका. गॅसच्या पुस्तकावर, बँकेच्या पासबुकावर, वीजबिलावर छापलेला नंबर लावा. आणि एवढं पक्कं ध्यानात ठेवा की पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. कुणाला फसवलं गेलंच, तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला सांगा. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

दुकानाच्या काउंटरवरच्या सल्ल्याबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आपल्या भागात त्याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. शेकड्यांनी दवाखान्यात होते. तो हंगाम तुम्हालाही आठवत असेल, तुमच्या शेजारचाच जिल्हा. आपल्याकडं कोणत्या किडीवर कोणतं औषध, कशात काय मिसळायचं, किती झाकणं घ्यायची, हे बहुतेक वेळा दुकानातच ठरतं. दुकानदार वैरी नसतो, ओळखीचाच असतो. पण तो विकणारा आहे, आणि औषध चुकलं तर त्याचं काही जात नाही. म्हणून ज्याला सल्ल्यातून विक्री होते, त्याचा सल्ला घ्या, पण तो एकटा घेऊ नका. सहायक कृषी अधिकारी आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे, १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर मराठीत बोलता येतं. आणि डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलेली म्हातारी आजीसुद्धा रंग ओळखते. लाल त्रिकोण दिसला की ते घरातल्या धान्यासाठी नाही, एवढं सासूबाईंना आणि मुलांना आजच दाखवून ठेवा.

असंच गॅस सिलिंडरचं. वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ‘बी २७’ असेल तर त्या टाकीची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. वास आला तर काडी ओढून पाहायची नाही, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या आणि १९०६ ला फोन लावायचा.

साप चावला तरी तेच. अंगणात जमलेल्या दहा माणसांचे दहा सल्ले ऐकायचे नाहीत, कापायचं-चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालू न देता सरळ सरकारी दवाखाना.

आता तुमच्या तुरीचं. भुंगे लागलेली तूर उन्हात पातळ पसरा, दोन-तीन दिवस चांगलं कडक ऊन द्या, चाळून घ्या. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज आला पाहिजे, दबला तर ओल आहे. खाण्यापुरती तूर लवकर भरडून डाळ करून घ्या. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला तितका लागत नाही. बियाण्यासाठी ठेवायची ती कोरड्या राखेत कालवून ठेवा. कोठी रिकामी करून, फटी लिंपून, वाळवून मगच भरा. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि बिब्बे आपल्या आज्या घालत आल्या, तेही घाला, पण भरवसा उन्हावर आणि कोरडेपणावर ठेवा. हवा न शिरणाऱ्या जाड पिशव्या मिळतात, त्यात वाळलेलं धान्य घट्ट बांधलं तर औषध लागत नाही. या साऱ्यातलं तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना विचारलंत का, हे पत्रात दिसलं नाही. घरातल्या माणसाला विचारायचंही आपल्याकडून कधीकधी राहून जातं.

लोक अडाणी समजतील, या भीतीबद्दल मी एवढंच सांगेन. तुमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. समोर हजारो माणसं बसलेली असायची आणि बाबा त्यांनाच विचारत जायचे, त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचे. बाबांना कुणी अडाणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तुम्ही फलाटावर मोकळ्या आवाजात ‘भाऊ, मला माहीत नाही, नीट सांगा’ म्हटलं तर मागच्या बाकावर बसलेली दुसरी एखादी बाई कान देऊन ऐकत असते. तिलाही तेच विचारायचं असतं आणि तिचा धीर होत नसतो.

सासूबाईंना तपासणीला न्यायचंच आहे. त्या आता प्रवासाचं नाव काढू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना सोबत घेऊनच तयारी करा. वहीच्या पानावर गाडीचे नंबर तुम्ही लिहा, आणि वर्धा स्टेशनवर चहावाल्याला विचारायचं काम त्यांच्याकडे द्या. म्हाताऱ्या माणसाला कुणी तोडून बोलत नाही, आणि त्यांना आपण ओझं झालो असं वाटणंही कमी होईल. त्यांना वाक्य पाठ करून द्या: ‘बापू, आमाले धामनगावले उतराचं हाय, हे गाडी तिथं थांबते काय?’

पुडी घराबाहेर गेली, की मला दोन ओळी कळवा. त्याची वाट पाहते.